शेल्याचे दोन वेढे

सेवजिद मावशीकडे चहाला गेलेला माणूस हल्ली जरा अवघडून बसतो. ती वाटी इतक्या अदबीनं पुढे करते, की साध्या शेजाऱ्यालाही आपण राजधानीहून आलेले कोणी साहेब आहोत की काय असं वाटावं. उजव्या तळहातावर वाटी, उजव्या कोपराखाली डावा हात, मान किंचित झुकलेली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना वस्तू अशीच देतात. पण मावशी हरवलेली मेंढी शोधत आलेल्या पोरालाही अशीच वाटी देते.

खरं कारण साधं आहे. डाव्या हाताचा आधार काढला, तर उजवा हात वाटीसकट खाली येतो. आणि नुसत्या डाव्या हातानं कोणाला काही देणं आमच्यात बरं दिसत नाही. म्हणजे निकामी झाला तो नेमका उजवा, आणि त्याला झाकायची सोय रिवाजानं आधीच करून ठेवलेली. खालच्या खोऱ्यातला एक म्हातारा घरी जाऊन बायकोला म्हणाला, “सेवजिदची मर्यादा बघ. नाहीतर तू!” ती बाई दुसऱ्याच दिवशी मावशीकडे आली. “बाई, तुझा तो हात मला थोडे दिवस उसना दे. घरात फार ऐकावं लागतंय.”

मी तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तालुक्याच्या गावी सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवायचं काम करतो. तामीर नदीच्या काठाला तिचा हिवाळी तळ आहे, तिकडे माझी फेरी होते, म्हणून यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं दामदिन काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं सांगितलं. ते थोडं वाढवून सांगतात, तेवढं मी कमी केलं आहे.

आमच्याकडे मूल चालायच्या आधी खोगिरावर बसतं, आणि नीट बोलायच्या आधी एक गोष्ट ऐकतं: घोड्याची दोरी हाताला गुंडाळायची नाही. मुठीत धरायची. घोडं उधळलं तर मूठ सोडता येते, वेढा सोडता येत नाही. मावशीला हे तिच्या थोरल्या भावानं, चोइनखोर मामांनी शिकवलं. वडील लवकर गेले, तेव्हा ती दुधाच्या दातांची होती आणि मामा मिशा फुटलेले. तिला पहिल्यांदा घोड्यावर त्यांनीच बसवलं.

आणि पन्नाशी उलटून गेल्यावर, शरदात, घोड्या दावणीला बांधताना मावशीनं दोरीचे दोन वेढे मनगटाला दिले. कारण दुसऱ्या हातात फोन होता. पलीकडे ल्हामा मामी होत्या, चोइनखोर मामांच्या बायको. नव्या वर्षाच्या मेजावर मांडायची उकडलेली मेंढीची पाठ कोणी आणायची यावर दोघींची घासाघीस चालली होती. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली, घोडी बिथरली. घोडी थेट नदीपर्यंत गेली. मावशी अर्ध्या वाटेत सुटली. मामींना फोनवर आधी मावशी ऐकू आली, मग टापा, मग नुसता वारा.

प्रांताच्या दवाखान्यात सांगितलं, हाड शाबूत आहे, मानेतून हातात येणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात. काही परत येतील, काही नाही. जे परत आलं ते असं: बोटं मिटतात, पकड बेताची आहे, कोपर अर्धंमुर्धं दुमडतं. खांदा मात्र हात उचलत नाही. विहिरीवरचा रहाट जागेवर असावा, पोहराही असावा, पण वर ओढणारा दोर तुटलेला असावा, तसं. दवाखान्यानं गळ्यात अडकवायची एक पट्टी दिली होती. मावशी त्या पट्टीत दह्याचं गाठोडं घालून पाणी गळायला टांगते. पट्टी मजबूत आहे असं ती म्हणते.

कामं तिनं एकेक करून पुन्हा बसवली. काही आपोआप बसली. आमच्या अंगरख्याची बटणं उजव्या खांद्यावर आणि उजव्या काखेखाली असतात, ती लावायला तसाही डावाच हात कामाला येतो. दूध काढताना ती बादली गुडघ्यांत धरते आणि डाव्या हातानं एकेक सड घेते. वेळ जास्त लागतो, गाय कंटाळून मागं वळून बघते. हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फोडायचं काम काकांकडे गेलं, पण बर्फाची पोती घसरगाडीवरून ओढून आणते तीच. भट्टीत वाळकं शेण घालायला चिमटा डाव्या हातात आला.

बूझ करायला सगळ्यात वेळ लागला. मटण भरून उकडायचे हे गोळे, त्यांच्या तोंडाला मोदकासारख्या कळ्या पाडाव्या लागतात. कळ्या पाडणारी बोटं उजव्या हाताची. मावशी आता खाली बसते, फळी मांडीवर घेते, म्हणजे उजवा हात न उचलता तिथं पोचतो. उजव्या बोटांनी नुसतं धरायचं, कळ्या डाव्या हातानं. त्यामुळे तिच्या बूझचा पीळ उलटा असतो. ताटात शंभर असले तरी तिचे ओळखू येतात, आणि पोरं मुद्दाम तेच शोधून खातात.

वेणी मात्र जमली नाही. ती काका घालतात. त्यांनी आयुष्यभर घोड्याच्या केसांचे दोर वळले, त्यामुळे वेणी पक्की होते आणि दिसतेही दोरासारखीच. “हिला आता दावणीला बांधलं तरी चालेल,” असं ते वेणी संपवताना म्हणतात. मावशी म्हणते, “आधी तुला बांधते.”

या सगळ्यात तिचं मुख्य हत्यार म्हणजे कमरेचा शेला. अंगरख्यावर कमरेला चार-पाच वेढे देऊन गुंडाळायचा लांब शेला आमच्याकडे सगळेच वापरतात. चालताना लोंबणारा हात इकडेतिकडे आपटू नये म्हणून मावशीनं उजवं मनगट शेल्यात खोचायला सुरुवात केली. खोचलेला हात पोटाशी आडवा राहतो, भिंतीत ठोकलेल्या फळीसारखा. मग त्या फळीवर बादलीची कडी अडकवता येते असं लक्षात आलं. मग शेणाची टोपली. मग नुकतं जन्मलेलं कोकरू. वजन खांद्यावर येतच नाही. शेल्यावर येतं, आणि शेल्यावरून कमरेवर.

रोजचं असं निभत होतं. अडलं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टीपाशी.

पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी आमचं नवं वर्ष लागतं आणि सगळं घराणं थोरल्याच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल घरात, जमतं. आमचं घराणं चोइनखोर मामांकडे जमतं. वयाप्रमाणे रांग लागते. धाकट्यानं दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर, थोरल्यानं आपले हात त्यावर ठेवायचे, धाकट्यानं कोपरं धरून ते तोलायचे आणि विचारायचं, “सुखरूप आहात ना?” हात वर कोणाचे आणि खाली कोणाचे, यातच सगळं आलं. खालचा हात चुकून वर गेला, तर आपण थोरले आहोत असं म्हटल्यासारखं होतं. आणि जो महिना उलटेपर्यंत भेटायलाच आला नाही, त्याच्याशी वर्षभर बोलताना लोकांना कुठं बघावं ते कळत नाही.

अपघातानंतरच्या पहिल्या नव्या वर्षाला मावशी रांगेत उभी राहिली ती कोणाला काही न सांगता. तिनं डावा हात नीट पुढे केला. उजवा कसाबसा झुलवून वर आणला, आणि मामांचा हात त्यावर येईल तोवर तो राहील असं धरून चालली. तो राहिला नाही. मामांचे गुडघे गेलेले आहेत, ते या भेटीत खरोखरच भार टाकतात. एका बाजूला आधार होता, दुसऱ्या बाजूला हवा. ते तिरपे होऊन शेजारच्या मेजावर गेले, आणि मेजावर रचलेला पोळ्यांचा मनोरा त्यांच्यासकट खाली आला.

मामांना लागलं नाही. पण तो मनोरा साधा नसतो. बुटाच्या तळव्याएवढ्या जाड तळलेल्या पोळ्या थरांनी रचायच्या, थर नेहमी विषम. पहिला सुखाचा, दुसरा दुःखाचा, तिसरा सुखाचा, असं करत वरचा थर सुखाचा यायला हवा. मामींनी पोळ्या घाईघाईनं गोळा करून मनोरा पुन्हा रचला, वर वाळवलेल्या दह्याच्या वड्या आणि साखरेचे खडे लावले. काही पोळ्या मोडल्या होत्या. गडबडीत कोणी थर मोजले नाहीत. तीन दिवस पाहुणे येत होते, बूझ खात होते, मनोऱ्याकडे बघून गप्प बसत होते. शेवटी तिसऱ्या दिवशी एका लहान मुलीनं बोट ठेवत ठेवत मोजले. सहा.

म्हणजे त्या वर्षाच्या डोक्यावर दुःख बसलं. पुढे वसंतात मामांच्या कळपातली दोन शिंगरं लांडग्यानं नेली, आणि शरदात मामांच्या हाती काठी आली. लांडगा दर वर्षी येतो आणि गुडघे वीस वर्षं दुखत होते. मामी असं कधी म्हणाल्या नाहीत, की हे सेवजिदमुळे झालं. त्या एवढंच म्हणायच्या, “सहा थर होते.”

यंदा नवं वर्ष तोंडावर आलं तेव्हा मामींचा फोन आला. मी त्या दिवशी मावशीकडे बॅटरी बदलत होतो. मावशी दोन्ही हातांना काम असलं की फोन चुलीशेजारच्या पेटीवर ठेवून मोठ्यानं लावते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“सेवजिद, यंदा थंडी फार आहे गं.”

“दर वर्षी असते, वहिनी.”

“तुझ्या मेंढ्या व्यायला आल्यात म्हणे. तू जनावरांपाशीच राहा. दामदिन भावजी येऊन जातील. तुझा नमस्कार फोनवर पोचेल.”

“फोनवर दादांचे हात कसे उचलू?”

मामींनी तिकडे टोपावर झाकण आदळलं. मग म्हणाल्या, “मागच्या वर्षी तरी कुठं उचललेस?”

फोन बंद झाला. मावशीनं चहात मीठ घातलं, पळीनं ढवळलं. काका दाराशी बूट काढत होते, त्यांनी एक बूट काढून दुसरा तसाच ठेवला.

“मग मी एकटा जाऊ?” त्यांनी विचारलं.

“तू जाशील. मीही जाईन.”

“आणि हात?”

“हात इथं ठेवून जाऊ काय? बरोबरच येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सराव सुरू केला. उजवं मनगट शेल्यात खोचून, डावा हात पुढे करून ती गेरच्या मधल्या खांबापुढे उभी राहिली. खांब काही हात ठेवीना. काका हसायला लागले, पण स्वतः पुढे झाले नाहीत, आणि तिनंही त्यांना बोलावलं नाही. नवरा-बायको एकमेकांना असं भेटत नाहीत आमच्यात. अगदी नव्या वर्षालासुद्धा नाही. एका गेरमध्ये राहणाऱ्यांनी अशी भेट घेतली तर ती ताटातुटीची होते, असं मानतात. काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, “मी काही बघितलं नाही.”

मी म्हटलं, मी उभा राहतो. तर मावशी म्हणाली, “तू धाकटा. तुझे हात वर घेतले तर माझंच आयुष्य कमी व्हायचं. मला म्हातारं माणूस पाहिजे. आणि जड.”

म्हातारं आणि जड असं एकच माणूस जवळपास होतं. खोर्लो आजी. टेकडीच्या पलीकडे त्यांचा तळ. वय चौऱ्याहत्तर, तोंड त्याहून जुनं. मावशीनं त्यांना सगळं सांगितलं. आजींनी तपकीर ओढली, शिंकल्या, डोळे पुसले.

“म्हणजे मी चोइनखोर व्हायचं?”

“हो.”

“त्याच्यासारखं घोरायचं पण का?”

“नुसते हात ठेवा, आजी. आणि सगळा भार टाका.”

“सगळा? पोरी, पस्तावशील.”

पहिल्या वेळी दोघी पलंगावर पडल्या. मनगट शेल्यातून सटकलं. आजी पडल्या पडल्याच म्हणाल्या, “नव्या वर्षाच्या शुभेच्छा.” मग एक गोष्ट आजींच्याच लक्षात आली. खोचलेला हात पोटाशी आडवा असतो, पुढे येत नाही. तेव्हा समोरच्यानं अर्धं पाऊल जवळ यायला हवं, नाहीतर कोपर फळीवर बसतच नाही. “म्हणजे तुझ्या पोटाला चिकटूनच उभं राहायचं. भेट आहे का कुस्ती?” असं म्हणत त्या अर्धं पाऊल पुढे आल्या. आता बसलं. काही दिवसांत मावशी आजींचा सगळा भार तोलू लागली. आजी दर खेपेला चहा पिऊन, बूझ खाऊन घरी जायच्या, आणि भार काही कमी होत नव्हता.

मग सणाचा शेला काढला आणि सगळं पुन्हा बिघडलं. रोजचा शेला सुती, खरखरीत. सणाचा रेशमी. रेशमात मनगट थांबेना, तेल लावल्यासारखं निसटायचं. सुती शेला बांधून मामांपुढे जाणं शक्यच नव्हतं, मामींची नजर आधी कमरेवरच जाते.

मावशी बराच वेळ शेल्याचं टोक हातात घेऊन बसली. मग तिनं मनगट खोचलं, आणि शेल्याच्या उरलेल्या टोकाचा एक वेढा मनगटाला दिला. ओढून पाहिलं. मग दुसरा दिला.

काका चुलीपाशी बसून हे बघत होते. “सेवजिद,” ते म्हणाले.

“काय?”

“हाताला वेढा देऊ नये.”

“शेल्याच्या दुसऱ्या टोकाला घोडी नाहीये.”

“दुसऱ्या टोकाला ल्हामा वहिनी आहेत,” काका म्हणाले.

खोर्लो आजींनी हात ठेवले, भार टाकला, वर एक हिसकाही दिला. मनगट जागेवर राहिलं. एक अडचण उरली ती मी बोलून दाखवली: असा बांधलेला हात झटकन सोडवता येणार नाही. मावशी म्हणाली, “झटकन कशाला सोडवायचाय? दादांना धरायचंय.”

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही मामांच्या तळावर पोचलो. घोडे, मोटारसायकली, एक लाल ट्रक. काकांनी ट्रकच्या आडोशाला मावशीच्या मनगटाला शेल्याचे दोन वेढे घातले आणि वरून बाही खाली ओढली. आमच्या सणाच्या अंगरख्याची बाही बोटं झाकून पुढे येते, त्यामुळे काही दिसत नव्हतं. मग त्यांनी थोरल्यांना भेटताना मानासाठी धरायचं निळं रेशमी वस्त्र तिच्या दोन्ही हातांवर आडवं टाकलं. वेणीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “वेणी बरी जमलीय आज.”

आत उजेड होता, भट्टी तापलेली होती, मनोरा मेजावर होता. यंदा मेज गेरच्या पार पलीकडच्या बाजूला सरकवलेलं. मी दारातूनच थर मोजले, आणि माझ्या पुढच्या दोघांचीही बोटं हलताना दिसली. सात.

मामा उत्तरेच्या पलंगावर बसले होते. काठी बाजूला, मांडीवर तपकिरीची बाटली. मामींनी यंदा ठरवून टाकलं होतं की ते बसूनच सगळ्यांची भेट घेतील. यात वावगं काही नाही, पुष्कळ म्हातारी माणसं बसूनच भेटतात. मामींनी दाराकडे पाहिलं, मावशी दिसली. त्यांचा हात बूझच्या टोपावरच राहिला.

“आलीस,” मामी म्हणाल्या.

“आले, वहिनी.”

रांग सुरू झाली. मावशीच्या पुढे मधले मामा, चोइनखोर मामांच्या पाठचे भाऊ, होते. ते वाकले, बसलेल्या दादांचे हात खालून तोलले, सुखरूप का विचारलं, बाजूला झाले. मग मावशी पुढे आली आणि थांबली. तिथून मला तिची पाठ आणि दोरासारखी वेणी दिसत होती. मामांनी हात पुढे केले. बसल्यामुळे ते हात तिच्या कमरेच्या बरेच खाली होते. डावा हात खाली नेता आला असता. उजवा कमरेला बांधलेला होता. सगळा सराव उभ्या माणसाचा होता.

वाकून पाहिलं असतं तर फळी तिरपी झाली असती आणि मागच्या वर्षीचंच झालं असतं. गुडघे टेकले असते तर कंबर फार खाली गेली असती. मी मनातल्या मनात उंची मोजत होतो, आणि तिनंही तेवढ्यात मोजली असावी.

“दादा,” ती म्हणाली, “उठा.”

नव्या वर्षाच्या सकाळी धाकट्यानं थोरल्याला उठायला सांगायचं, हे त्या गेरमध्ये कोणी ऐकलेलं नव्हतं.

“काय म्हणालीस?” मामी म्हणाल्या. “त्यांचे गुडघे...”

“बसलेल्याला मला उचलता येत नाही, दादा. उभे राहिलात तर येईल.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या बाहीकडे. “मागच्या वर्षी उभाच होतो,” ते म्हणाले.

“मागच्या वर्षी मी तयारी केली नव्हती.”

“आणि यंदा?”

“यंदा खोर्लो आजींना उचललंय.”

“खोर्लोला?” मामांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी काठीकडे हात नेला, ती घेतली, उभे राहिले. याला जरा वेळ लागला. मग काठी त्यांनी मधल्या मामांकडे दिली, आणि दोन्ही हात मोकळे करून पुढे केले.

“अर्धं पाऊल जवळ या,” मावशी म्हणाली.

“आणखी काय काय करायचं?” असं पुटपुटत ते अर्धं पाऊल पुढे आले. उजवा हात तिच्या डाव्यावर ठेवला. डावा हात तिच्या बांधलेल्या उजव्यावर आला. काठी नव्हती, त्यामुळे सगळा भार आला. मावशीची टाच खालच्या नमद्यात रुतलेली मला दिसली. निळं वस्त्र दोघांच्या मधे चुरगळलं. ती हलली नाही.

“सुखरूप आहात ना, दादा?”

“सुखरूप. तू सुखरूप आहेस ना?”

“सुखरूप.”

यानंतर थोरल्यानं धाकट्याचा गाल हुंगायचा आणि भेट सुटायची. मामांनी गाल हुंगला. भेट सुटेना. मामा मागे सरकायला गेले तर मावशीही त्यांच्याबरोबर गेली. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. त्यांच्या बाहीचं पुढं आलेलं टोक मावशीच्या हाताखालून शेल्यात गेलं होतं, आणि वेढ्यात पक्कं अडकलं होतं.

“सोड आता,” मामा म्हणाले.

“मी धरलेलं नाही.”

“मग कोणी धरलंय?”

“शेल्यानं.”

मामांनी वाकून पाहिलं. वेढे दिसले त्यांना. “हाताला वेढा दिलास?” ते म्हणाले. “तुला काय शिकवलं होतं?”

रांगेतली माणसं आळीपाळीनं एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होती. दोघं तशीच एकमेकांना धरून उभी, आणि मामांचे गुडघे जास्त वेळ टिकणारे नव्हते. काका पुढे यायला निघाले, पण मामींनी त्यांना कोपरानं बाजूला केलं. हाताचं पीठ अंगरख्याला पुसलं, दोघांच्या मधे डोकं घातलं आणि शेल्याची गाठ चाचपू लागल्या.

“काय बांधलंय हे! खोगीर बांधलंय का? दामदिन भावजी, हे तुमचं काम दिसतंय.”

“वेणी पण माझीच आहे,” काका मागून म्हणाले.

“दिसतेय.” एक वेढा सुटला. “हालू नका हो तुम्ही.” हे मामांना. दुसरा वेढा सुटला, बाही मोकळी झाली. मामांना मधल्या मामांनी पलंगावर टेकवलं. मामी सरळ झाल्या तेव्हा शेल्याचं टोक त्यांच्याच हातात होतं, आणि मावशीचा उजवा हात खाली लोंबला होता.

वयाप्रमाणे मावशीनं आता मामींना भेटायचं होतं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या. मामींनी त्या हाताकडे पाहिलं. असा मोकळा लोंबताना त्यांनी तो मागच्या नव्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

“फोन ठेवायला हवा होता मी त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. मेंढीच्या पाठीचा कुठलासा जुना हिशोब राहून गेल्यासारखं म्हणाल्या, आणि लगेच पुढे, “कसा बांधतेस? इथून?”

“मनगट आत खोचायचं. मग वरून.”

मामींनी मनगट खोचलं. शेल्याचा एक वेढा दिला, थांबल्या, दुसराही दिला, आणि तो ओढून पाहिला. स्वतःच्या बाह्यांची टोकं मात्र त्यांनी आधी नीट दुमडून घेतली. मग अर्धं पाऊल पुढे येऊन दोन्ही हात मावशीच्या हातांवर ठेवले.

“सुखरूप आहात ना, वहिनी?”

मामींनी आधी भार टाकला. मला वाटतं, जरा जास्तच टाकला. शेला सरकला नाही.

“सुखरूप,” त्या म्हणाल्या. “चल, बस. उलट्या पिळाचे आणलेस ना? पोरं मघापासून विचारताहेत.”